कविता म्हणा, गुरुजी

डॉ. माणिकराव उपळकर यांची आणि माझी पहिली भेट एका खोकल्यामुळे झाली. मी वडवणीच्या शाळेत मराठी शिकवायला नवाच रुजू झालो होतो. वर्गात कविता चालीवर म्हणायची हौस दांडगी, त्यामुळे खोकला आठ-पंधरा दिवस अंगावर काढला आणि शेवटी बसस्टँडसमोरच्या त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसलो. त्यांनी विचारले, "काय शिकवता?" मी म्हटले, "कविता." त्यांनी माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मग म्हणा की एखादी."

मला वाटले, थट्टा करतात. तरी म्हटली. चार ओळी झाल्यावर डोळे न उघडताच ते म्हणाले, "गुरुजी, तिसऱ्या ओळीत मधेच कावून थांबलात? तिथं थांबायची जागा न्हाई." छातीत कफ साठला होता. तो त्यांना कवितेतून कळला!

पुढे कळले, ही त्यांची रीतच होती. बोलताना माणूस दम चोरतो, पण पाठ असलेले म्हणताना त्याला चोरता येत नाही, असे ते सांगत. बायांना ते जात्यावरची ओवी म्हणायला लावत. ऊसतोडीला जाणाऱ्या गड्यांना कविता कुठली यायला? त्यांच्याकडून ते वडवणीपासून कारखान्यापर्यंतच्या वाटेवरची गावे ओळीने वदवून घेत. कोणत्या गावाला दम लागला, त्यावरून औषध ठरे. आणि तेवढा वेळ तो उबदार, जड तळहात पाठीवर असे. खरे सांगायचे तर निम्मा आजार त्या हातालाच बरा होई.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरसाहेब पडले, खुब्याचे हाड मोडले आणि कन्येने त्यांना पुण्याला नेले. दवाखान्याला कुलूप लागेल असेच आम्ही धरून चाललो होतो. पण त्यांनी चाळीस वर्षांचे आपले कंपाउंडर चाँदभाई यांना सांगितले, बाजाराच्या दिवशी दवाखाना उघडा ठेवा, मी फोनवरून पाहीन. तेव्हापासून दर बाजाराला टेबलावर, त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर, फोन उभा असतो. चाँदभाई रक्तदाब मोजतात, डॉक्टरसाहेब पलीकडून विचारपूस करतात.

पहिल्याच बाजारी गयाबाई आल्या. उभा जन्म ऊसतोडीत गेलेल्या. त्यांनी सवयीने मनगट थेट फोनला टेकवले. "नाडी धरा की, सायेब."

"गयाबाई, इथून कसा धरू?"

"मंग ह्यो यवडा मोठ्ठा फोन कशाला ठिवलाय? निस्तं तोंड बघायला?"

सगळा दवाखाना हसला. डॉक्टरसाहेबही हसले. मग चष्मा काढून पुसू लागले आणि बराच वेळ पुसत राहिले.

फोनवर उपचार बरोबर होतात, याबद्दल कुणाची तक्रार नाही. बीडचे हेलपाटे वाचतात. तरी बाहेर पडलेला माणूस ओट्यावर थोडा वेळ उगाच रेंगाळतो, काहीतरी घ्यायचे राहिल्यासारखा. गयाबाई म्हणतात, "गोळी लागू पडती, पर दावखान्यात गेलतो आसं वाटत न्हाई." मी आयुष्यभर शब्दांत वावरलो, पण याहून नेमके मला सांगता येणार नाही.

गेल्या हिवाळ्यात मला धाप लागू लागली. बीडला दाखल करतील या भीतीने मी फोनसमोर ताठ बसलो आणि म्हणालो, "एकदम ठणठणीत आहे."

"अस्सं? कविता म्हणा, गुरुजी."

मी मुद्दाम आखूड ओळींची निवडली. प्रत्येक ओळीनंतर हळूच श्वास घेता येतो. दोन कडवी सुखरूप पार पडली.

"गुरुजी, शाळेत पोरांच्या कॉप्या धरल्या, आता सोता कॉपी करताय व्हय? ती लांब ओळींची म्हणा. पहिल्या दिवशीची."

दुसऱ्या ओळीतच मी अडलो. डॉक्टरसाहेबांचा आवाज बदलला. "चाँदभाई, गाडी बघा. गुरुजींना आत्ताच्या आत्ता बीडला न्या." हृदय थकून फुप्फुसात पाणी झाले होते. आणखी दोन दिवस गेले असते तर हा लेख लिहायला मी नसतो. एवढ्या दूर बसून त्यांनी माझा श्वास ऐकला. हे ऋण मान्य करूनही एक सांगतो: त्या दिवशी गाडीत, दोन खांद्यांच्या मधली जागा फार गार वाटत होती.

परवाच्या बाजारी मी त्यांना या लेखाविषयी सांगितले. त्यांचा आवाज जरा ओढलेला वाटला, म्हणून धीर करून म्हणालो, "साहेब, आज कविता आपण म्हणायची." ते संकोचले, पण म्हणू लागले. तीच, लांब ओळींची. माझ्याकडून इतक्या वेळा ऐकून त्यांचीही पाठ झालेली. मी नकळत फोनच्या पाठीवर तळहात ठेवला होता. तिसरी ओळ त्यांनी न थांबता ओलांडली. चौथीला मात्र मधेच गप्प झाले.

"साहेब, दम लागला का?"

"न्हाई हो गुरुजी," पलीकडून आवाज आला. "बीडची बस आली वाटतं आपल्या स्टँडवर. हॉर्न वाजला." आणि मग चाँदभाईंना म्हणाले, "फोन जरा दाराकडं करा. राहू द्या थोडा वेळ तसाच."

आम्ही फोन दाराकडे वळवला. बस रिकामी झाली, पुन्हा भरली, निघून गेली.

डॉक्टरसाहेब आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांनी शंभरी पाहावी, आणि शंभराव्या वर्षीही ती कविता शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात म्हणावी, ही आम्हा सर्व रुग्णांची प्रार्थना. खुबा साथ देईल तेव्हा एखाद्या बाजाराला त्यांनी त्या बसमधून उतरावे. औषध लिहून द्यायची गरज नाही. चौथी ओळ तेवढी अर्धी राहिली आहे.