कृष्णकमळाचे पाच पांडव

बाबांनी मला कॅमेरा शिकवायला घेतला तो त्यांचे हात कापायला लागल्यावर. हे कारण घरात कुणी उच्चारत नसे. "तुमच्या हिंजवडीत सगळं आपोआप होतं, एक तरी गोष्ट हाताने करायला शीक," असं ते म्हणत आणि मी निमूट फोकसची रिंग फिरवत बसे. त्यांचा स्वतःचा एखादा फोटो हलला की दोष वाऱ्याचा. मीही मान डोलावत असे. आईसुद्धा.

कर्वेनगरचा आमचा बंगला बिल्डरकडे गेला होता. सोमवारी सकाळी कंपाउंडची भिंत पाडणार होते आणि तिच्यावरचा कृष्णकमळाचा वेलही जाणार होता. बाबांनी जन्मभर कुठकुठली फुलं टिपली, दारातलं तेवढं राहून गेलं. आता त्यांना एकच फोटो हवा होता: फुलाच्या मधले पाच पांडव स्पष्ट आणि खालचे शंभर कौरव पुसट. दोघांमधलं अंतर नखभर. रिंग जराशी जास्त फिरली की कौरव उठून दिसत आणि पांडवांचा पार विचका होई. शनिवारपर्यंत मी दोन रोल वाया घालवले होते. प्रिंट बघून बाबा म्हणाले, "कौरवांची सोय झाली. आता दुसऱ्या पक्षाचंही बघा."

रविवारी वेलावर एकच फूल उमललं. शेवटच्या रोलमध्ये तीन फोटो उरले होते. समोरच्या नव्या इमारतीआडून ऊन उशिरा भिंतीवर येई आणि थोड्याच वेळात कडक होई, तेवढ्यातच काय ते उरकायचं. फ्लॅश बाबांना चालत नसे. "फुलाच्या थोबाडीत मारायचीय का?" हे ठरलेलं उत्तर.

मी स्टँड लावत होते तेवढ्यात गल्लीतल्या काकू आल्या. रोज सकाळी पिशवी घेऊन निघायचं आणि साऱ्यांच्या कुंपणावरची फुलं देवासाठी खुडायची, विचारायचं नाही, हा त्यांचा नेम. हात पुढे झालाच होता.

"वहिनी, पाच मिनिटं," बाबा म्हणाले. "मग फूल तुमचं."

"म्हणजे आज देवाने तुमच्या फोटोसाठी खोळंबायचं," काकू म्हणाल्या, पण थांबल्या.

मी डोळा लावला. पांडव आले, गेले, पुन्हा आले. फूल किंचित डोलत होतं. "थांब, देठ धरतो," म्हणत बाबांनी देठ चिमटीत धरला. फूल जास्तच थरथरू लागलं. मी एक फोटो घेतला, तो गेला. दुसराही गेला. ऊन पांढरं पडत चाललं होतं आणि माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता. हात काढा, एवढंच म्हणायचं होतं.

"वारा आहे जरा," मी म्हणाले.

"आहेच," बाबा म्हणाले.

"अहो, कसला वारा?" काकू म्हणाल्या. "पानसुद्धा हलत नाहीये. तुमचा हात हलतोय. सोडा तो देठ."

मला त्यांचा इतका संताप आला की त्यांची पिशवी हिसकावून रस्त्यावर भिरकावावीशी वाटली. आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही वाटलं. त्याची लाज मला अजून वाटते.

बाबांनी देठ सोडला. हात पाठीमागे नेला. फूल दोनदा झुललं आणि थांबलं. पाचही पांडव समोर लख्ख उभे राहिले. मी बटण दाबलं.

काकूंनी फूल खुडलं आणि पुढच्या फाटकाकडे गेल्या.

"आला?" बाबांनी विचारलं.

"आला."

त्यांनी खांद्यावरची कॅमेऱ्याची चामडी पिशवी काढली आणि पट्टा माझ्या गळ्यात घालू लागले. तो वेणीत अडकला. तो सोडवायला त्यांना बराच वेळ लागला, आणि मी हात वर न करता उभी राहिले.

"आता हा कॅमेरा तुझ्याकडेच राहू दे," ते म्हणाले.

मी नको म्हणायला हवं होतं. मी "बरं" म्हणाले.