दोन पाळ्यांमधला चहा

शैलाताई गेल्याचं मला कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. टाकणारे आमचे प्लांट हेड. 'बदलाच्या प्रवासातला आमचा भक्कम आधार हरपला.' वाचलं आणि फोन भिंतीवर आपटावासा वाटला. आधार म्हणे! त्या बाईला कोपऱ्यात बसवताना कुठं गेला होता हा आधार?

शैलाताई कागल एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर, मी स्टोअरला. कामगाराला सगळ्यांदेखत झापणार आणि त्याच्याच पोरीच्या लग्नात पदर खोचून वाढायला उभ्या राहणार, अशी बाई. पाळी बदलताना जाणारा आणि येणारा दोघं पत्रा दाबणाऱ्या प्रेसपाशीच उभे राहून चहा घ्यायचे, ही आमच्याकडची जुनी पद्धत. शैलाताईंच्या केबिनमधली ॲल्युमिनियमची किटली तेव्हा कारखानाभर फिरायची. गप्पा तालमीच्या, उसाच्या... आणि मध्येच एखादा सांगायचा, "आज डबल मारतीया रं, हात जपून." म्हणजे प्रेस एकदा दाबली की दोनदा खाली येतेय.

मग बदलाचं वारं सुटलं. पुण्याहून सल्लागार आले. ट्रेनिंग हॉलच्या फळ्यावर त्यांनी दोन रकाने आखले : आज कुठं आहोत, कुठं पोचायचंय. आणि या दोन्हींमधली तफावत म्हणून यांनी शोधलं काय, तर चहा! दोन पाळ्या एकाच वेळी रिकाम्या उभ्या. शैलाताई भर बैठकीत उठल्या. "साहेब, आज कुठं हाय ते तुम्ही विचारलंसा कुणाला? मशीनवरच्या एकाला तरी?" चहा बंद झाला. काय सांगायचं ते मशीनशेजारच्या नव्या स्क्रीनवर भरा, म्हणाले. स्क्रीनवर 'डबल मारतीया' लिहायला जागाच नव्हती.

मग एका पाळीला प्रेसवरच्या दिलीपची उजव्या हाताची बोटं गेली. आधीच्या पाळीतल्या माणसाला प्रेसचं दुखणं ठाऊक होतं, पण त्याला थांबूच दिलं नव्हतं. वर शैलाताईंना हुकूम, कामगाराचा हलगर्जीपणा म्हणून सही करा. लाज वाटायला हवी होती! "माझ्या हातनं न्हाय व्हायचं," त्या म्हणाल्या. केबिन गेली, जुन्या फायलींच्या खोलीत टेबल मिळालं. त्या दिवसापासून किटली घेऊन त्या गेटबाहेर उभ्या राहू लागल्या, पाळी सुटताना, रोज. ऊन असो, पाऊस असो. "गेटाभाईर कुणाच्या बाचं राज्य न्हाय, अण्णा," मला म्हणायच्या.

त्या कशानं गेल्या, तर डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी काय म्हणतो ते इथं छापता येणार नाही.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली, त्याच फळ्याखाली फोटो ठेवून. प्लांट हेडसाहेब भरभरून बोलले आणि शेवटी म्हणाले, आवरतं घेऊ, पाळी बदलायचीय. मी तडक बाहेर आलो. गेटसमोर दिलीप उभा होता. शैलाताईंच्या लेकीनं किटली त्यालाच दिलीय. डाव्या हातानं ओतत होता, थोडा सांडत होता.

"घ्या की, अण्णा."

शेजारी एकजण दुसऱ्याला प्रेसबद्दल काही सांगत होता. तेवढ्यात साहेबांची गाडी मागे येऊन हॉर्न वाजवायला लागली. कुणीही बाजूला झालं नाही. मीही कप पुढं केला.