माप सांगा, बाई

चाचांनी आम्हाला पक्ष्याचं नाव कधी आपणहून सांगितलं नाही. किनाऱ्यावर मी "चाचा, हा कुठला?" म्हणाले की ते उलट विचारायचे, "माप सांगा, बाई. चोच किती? पाय किती? गिऱ्हाईक नाव खोटं सांगंल, माप खोटं बोलत न्हाय."

चाचा उचगावचे शिंपी. वर्षभर शाळेचे गणवेश शिवायचे आणि ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्हा आठ-दहा हौशी मंडळींना मालवणच्या किनाऱ्यावर न्यायचे. उत्तरेकडून थंडीसाठी आलेले पक्षी तेव्हा ओहोटीच्या ओल्या वाळूवर उतरलेले असतात. चाचा त्यांना पावणं म्हणायचे. गळ्यात दुर्बीण असायची आणि काढायची विसरलेली मापाची टेपही. मी हसले तर म्हणाले, "असू दे की. पावण्यांनी झबलं शिवा म्हटलं तर?"

त्यांचा खरा जीव एका लंगड्या कोरलावर. वाकड्या दाभणासारखी लांब चोच. दर वर्षी तो खाडीच्या तोंडाशी यायचा, तीन पावलं टाकायचा आणि थांबायचा. तो दिसल्याशिवाय चाचा किनाऱ्यावरच्या चहावाल्या वहिनींच्या टपरीवरचा बिनसाखरेचा चहा घ्यायचे नाहीत.

पुढे साखरेनंच त्यांचे डोळे नेले. तरी गेल्या वर्षी हट्टानं आले. माझा खांदा धरून वाळूत उभे राहिले आणि म्हणाले, "बघा बाई, आलाय काय. एवढ्या बारीला तरी कळू दे."

मी तासभर बघितलं. चिखल्या, तुतवार असे बारके पक्षी होते, कोरल नव्हता. चाचांचा चेहरा बघवेना. मी म्हणाले, "आलाय, चाचा."

"माप सांगा."

चोच सांगितली, पाय सांगितले.

"आता काय करतोय?"

"चालतोय."

चाचांनी माझ्या खांद्यावर बोटानं तीन पावलं मोजली. "अजून चालतोयच?"

"हो."

"थांबला न्हाय. म्हंजे आला न्हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खांद्यावरचा हात मात्र काढला नाही. "न्हाय तर न्हाय म्हणायचं, बाई. चुकीच्या मापानं कापड वाया जातंय."

त्या दिवशी कोरल न दिसताच त्यांनी चहा घेतला.

या पावसाळ्यात चाचा गेले. ऑक्टोबरात मंडळींना घेऊन मीच मालवणला गेले. वाळूवर पाय ठेवला तेव्हा खांदा हलका लागला आणि त्यांची फार आठवण आली. लंगडा यंदाही दिसला नाही, तसं मी सगळ्यांना सांगून टाकलं.

टपरीवर वहिनींनी नेहमीसारखे कप मांडले होते. "चाचा खंय?" त्यांनी विचारलं.

त्यांना जरा बरं नाही, हे अगदी ओठावर आलं होतं.

"चाचा गेले, वहिनी," मी म्हणाले.

बिनसाखरेचा कप बाजूला काढून ठेवलेला होता. तो मी घेतला.