शेवयांचा वास

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. मग तुम्हालाच काहून सांगतेय? तुम्हीही चार घरी नेणारच — गाव ओळखून आहे मी. न्या.

आमच्या बचत गटाचं शेवयांचं मशीन आज माझ्या ओसरीत आहे. आधी ते शोभाकडे होतं. शोभा बौद्ध वस्तीतली. मशीन चालवायला सगळ्यात आधी तीच शिकली, घरही रस्त्याला, म्हणून तिथं ठेवलं. हो म्हणणारी मीच, गटाची अध्यक्ष. उन्हाळ्यात बाया पीठ घेऊन यायच्या, ती मळून शेवया पाडून द्यायची. पार चौसाळ्याहून गिऱ्हाईक यायचं. त्या जोरावर तिनं पोरीला बीडला शिकायला ठेवलं होतं.

आणि मला ते लई झोंबायला लागलं. ग्रामसेवक आधी तिच्याच दारात का थांबतात? मी तिथं गेले की बाया गप्प का होतात? मशीन स्वतःच्या नावावर करून घेणार ही — मी मनात धरूनच बसले. तिला कधी विचारलं का? नाही. नुसती नजर ठेवली.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. शोभा तिथं नसतेच. मी आपलं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, तिच्याकडच्या शेवया शिजताना कसला तरी वास येतो, तुम्हाला नाही का येत?

वास कधीच नव्हता. माझ्या घरी वर्षभर तिच्याच शेवया खाल्ल्या. पण पीठ कुणाच्या घरच्या पाण्यात मळलं जातं, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. जातीचं नाव मी घेतलं नाही — घ्यावं लागणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. कसला वास, असं एकीनंही विचारलं नाही.

उन्हाळा लागला, तिच्या दारात कुणी फिरकलं नाही. मशीन माझ्याकडे आलं. तिची पोर शिकणं सोडून घरी आली.

परवा त्याच पोरीचं लग्न ठरलं. शोभा पीठ घेऊन माझ्या ओसरीत आली. डब्याचं झाकण काढून डबा माझ्यासमोर धरला.

"आधी वास घ्या, अक्का," म्हणाली. "येत असंल तर वापस नेते."

ओसरीत बाया बसल्या होत्या, त्याच सगळ्या. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

मी वाकले. वास घेतला. आणि म्हणाले, "आज न्हाई येत."