ठिपक्यांचा शिक्का

डोंबिवली पूर्वेला माझा छापखाना होता. एक लांबट गाळा, आत एक जुनं ऑफसेट मशीन, कटिंगचं मशीन आणि तीन कामगार. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि मंडळांचे अहवाल छापायचो. कल्याण कोर्टातल्या वकिलांची स्टेशनरीही बरीच वर्षं माझ्याकडेच असायची. माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे कामगार होते. त्यांच्याकडून माझ्याकडे दोन गोष्टी आल्या. छापलेला कागद हातात आला की आधी त्यातली चूक दिसते, आणि पगाराच्या दिवशी पगार झालाच पाहिजे असं वाटतं.

नवं चार रंगांचं मशीन कर्ज काढून घेतलं, तिथे माझा हिशेब चुकला. मशीन आलं आणि वर्षभरात कोरोनाची टाळेबंदी लागली. लग्नं पंचवीस माणसांत व्हायला लागली. पुढे लग्नं पूर्वीसारखी दणक्यात सुरू झाली, पण पत्रिका मात्र मोबाईलवरच राहिल्या. हप्ता भरण्यासाठी मी दुसरं कर्ज काढलं, ते भरायला तिसरं. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. शेवटी बँकेने मशीन उचलून नेलं. आम्ही राहतं घर विकलं. आलेल्या पैशांतून आधी तिन्ही कामगारांचा थकलेला पगार आणि त्यांची हक्काची रक्कम दिली, मग कागदवाल्या व्यापाऱ्याचं देणं, आणि उरलं ते सगळं बँकांना. तरीही बरंच बाकी राहिलं. मी आणि बायको डोंबिवलीजवळच्या दिव्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेलो. मुलगी लग्न होऊन नाशिकला होती. तिला आम्ही अर्धंच सांगितलं होतं.

फोन आधीपासून येत होते. सुरुवातीला गोड बोलायचे. मी खरं ते सांगायचो, की आत्ता देण्यासारखं काही नाही, नोकरी शोधतोय. मग भाषा बदलली. सकाळी साडेसहाला फोन, जेवायला बसलो की फोन. एक बाई मी न्यायालयातून बोलतेय असं म्हणायची आणि चार वाजेपर्यंत पोलीस घरी येतील असं सांगायची. दुसरा एक माणूस स्वतःला इन्स्पेक्टर म्हणवायचा. एकदा त्याच्या पाठीमागे दुसरी माणसं हेच शब्द दुसऱ्या कुणाला ऐकवताना मला स्पष्ट ऐकू आली. माझ्या घरमालकाला त्यांनी फोन करून सांगितलं, तुमचा भाडेकरू फ्रॉड आहे.

मी फोन बंद करून ठेवायला लागलो. बायकोच्या नंबरवरही ते येत होते, पण तिने तसं केलं नाही. माझ्याकडे न विकल्या गेलेल्या कोऱ्या पत्रिकांचे दोन गठ्ठे होते, लालसर जाड कागद, वर सोनेरी गणपती. तिने त्यातलीच एक घेतली आणि आलेला प्रत्येक फोन मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली. दिवस, वेळ, नंबर, काय बोलले. शिव्या दिल्या तर शिव्याही. तिला शिव्या लिहिताना पाहून मला आधी लाज वाटली. ती म्हणाली, "अहो, त्यांना बोलायला लाज नाही, मी लिहायला का लाजू?"

त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यात जास्त लागलं. तिची मोठी बहीण टिटवाळ्याला राहते. बाई विधवा, अंगणवाडीत काम करून एकटीने मुलगा शिकवला. कर्जाचे फॉर्म भरताना ओळखीचे म्हणून मी तिचा नंबर दिला होता, एवढाच तिचा संबंध. त्या इन्स्पेक्टरने तिला फोन लावला. तुमच्या मेहुण्यांना आज अटक होतेय, वॉरंट माझ्या हातात आहे, पंधरा हजार भरले तर मी ते थांबवू शकतो. तिने आम्हाला विचारलंही नाही. आम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. शेजाऱ्याच्या मुलाकडून मोबाईलवरून पैसे पाठवले आणि चार दिवसांनी बायकोला सहज विचारलं, आता सगळं ठीक आहे ना?

कर्ज माझं, आणि पंधरा हजार त्या बाईच्या डब्यातले. त्या दिवसापर्यंत मी अपराध्यासारखा होतो. बुडवणारा मी, म्हणजे ऐकून घेणं माझं काम, असं मनात कुठेतरी बसलं होतं. ते त्या दिवशी गेलं. मी देणेकरी होतो, पण कुणाला फसवलं नव्हतं. हे लोक फसवत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कल्याणला एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी वकिली सुरू केली तेव्हा त्यांचं पहिलं व्हिजिटिंग कार्ड मीच छापलं होतं. त्या मला काका म्हणतात. बायकोने पिशवीतून पत्रिकांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. वकीलबाईंनी एकेक पत्रिका उलटून वाचली. चहा गार झाला तरी त्यांचं वाचणं संपलं नव्हतं.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही, त्यासाठी पोलीस कुणाला पकडायला येत नाहीत. वसुलीच्या माणसाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना गाठायचं नाही, घरी येताना ओळखपत्र आणि बँकेचं पत्र बरोबर ठेवायचं, असे नियम आहेत. आपण रीतसर तक्रार करू, पोलिसांतही देऊ. आणि काका, तुमच्याकडे खरंच काही उरलं नसेल, तर ठाण्याला नादारीचा अर्ज करा.

मी नाही म्हणालो. नादार हा शब्द मी कितीतरी कागदांवर छापला होता, दुसऱ्यांसाठी. स्वतःच्या नावापुढे तो लावायला मन धजेना. त्यांनी आग्रह केला नाही. विचार करा, एवढंच म्हणाल्या.

तक्रारीचा मसुदा तयार होत होता तेव्हाच दोन माणसं दिव्याला येऊन धडकली. आमच्या बिल्डिंगला दिवसाआड टँकर यायचा. दुपारी तीनच्या सुमाराला टँकर लागला होता, खाली हंडे आणि कॅनची रांग, मीही दोन कॅन घेऊन उभा. एक चाळिशीचा, काखेत फाईल. दुसरा नुसताच अंगाने दांडगा. फाईलवाल्याने माझं नाव मोठ्याने पुकारलं. मी हात वर केला, तेव्हा तो माझ्याकडे न बघता रांगेकडे तोंड करून बोलायला लागला. हा माणूस बँकेचे पैसे खाऊन इथे लपलाय, कोर्टाचं वॉरंट निघालंय, तुमच्या बिल्डिंगचं नाव खराब होणार.

आम्हाला तिथे येऊन तीन महिने झाले होते. रांगेतल्या लोकांना माझं आडनावही नीट ठाऊक नव्हतं. माझे कान तापले. मी कॅन खाली ठेवले आणि ओळखपत्र मागितलं. तो म्हणाला, "पहले ये पढ़ो, आयडी बाद में," आणि फाईलमधून एक कागद काढून माझ्या हातात दिला.

कागद हातात आला आणि माझी भीती कमी झाली. खरंच तसं झालं. पहिल्याच ओळीत न्यायालय हा शब्द 'न्यालय' असा छापला होता. खाली जोडाक्षरं फुटलेली, वरचं राजचिन्ह आडवं ताणलेलं. पण शुद्धलेखनाच्या चुका खऱ्या कागदांतही असतात. मी जांभळ्या गोल शिक्क्याकडे बघितलं. मग वर खिडकीत उभ्या असलेल्या बायकोला हाक मारून माझं भिंग आणायला सांगितलं. छपाईतले रंग बारकाईने तपासायचं लहानसं भिंग असतं. पत्रिकांच्या गठ्ठ्यांशिवाय छापखान्यातून मी तेवढंच घरी आणलं होतं.

ती आली, एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात नवी पत्रिका आणि पेन. मी टँकरच्या मागच्या पत्र्यावर कागद पसरला आणि भिंग शिक्क्यावर ठेवलं. रबरी शिक्का मारला की शाई कागदात मुरते, कडेला फुटते, कुठे दाट कुठे फिकी असते. इथे तसं काहीच नव्हतं. गुलाबी आणि निळे बारीक ठिपके होते, शेजारी शेजारी. लांबून जांभळं दिसत होतं एवढंच. खालची सहीसुद्धा ठिपक्यांचीच होती.

मी फाईलवाल्याला म्हणालो, "शिक्का मारलेला नाही हा, छापलाय. सहीसकट. कुठल्या कोर्टाचा कारकून शिक्का आणि सही प्रिंटरवर काढतो, ते सांगा."

तो म्हणाला, आजकल सब डिजिटल है. मी रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंना भिंग दिलं. त्या स्टेशनबाहेर मासळी विकतात, इथल्याच गावच्या. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. मग पदराला हात पुसत त्या दांडग्याला म्हणाल्या, "यो शिक्का नाय, फोटू हाय यो. बँकंचा कागद दाव, नायतर निंग इथून."

मग ते भिंग रांगेतून फिरलं. माझ्यापेक्षा जास्त कर्ज असलेली माणसंही त्या रांगेत असतील. एकेकाने वाकून बघितलं. टँकरच्या ड्रायव्हरनेही बघितलं. फाईलवाल्याने कागद परत मागितला. मी दिला नाही. मला बजावायला आणलेला कागद आहे, आता तो माझाच, असं सांगितलं. बायकोने त्यांच्या बाईकचा नंबर लिहून घेतला, वेळ टाकली. ओळखपत्र शेवटपर्यंत निघालं नाही. ते गेले. मग मी माझे दोन कॅन भरले. वर चढताना पाणी पायांवर सांडत होतं, आणि तरीही कितीतरी महिन्यांनी माझी मान ताठ होती.

तो कागद, लिहिलेल्या पत्रिकांच्या झेरॉक्स आणि टिटवाळ्याहून गेलेल्या पैशांचा पुरावा, सगळं तक्रारीला जोडलं. पोलिसांतही दिलं. लगेच काही झालं नाही, खेपा घालाव्या लागल्या. बायको प्रत्येक खेपेला बरोबर होती. अखेर बँकेचं पत्र आलं, त्या वसुली एजन्सीचं काम काढून घेतल्याचं आणि झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी असल्याचं. फोन थांबले. टिटवाळ्याच्या ताईंचे पंधरा हजार त्यांच्या खात्यात परत जमा झाले, ते मात्र त्यानंतरही दोन महिन्यांनी.

त्या पत्रानंतर मी वकीलबाईंना सांगितलं की अर्ज करतो. धमक्यांच्या भीतीने केला असता तर पळाल्यासारखं झालं असतं. आता कुणी मागे लागलेलं नव्हतं, तेव्हा मी स्वतःच्या पायांनी जाऊन खरं सांगू शकत होतो. अर्जात देणी आणि मालमत्ता लिहायची असते. मालमत्तेच्या रकान्यात मी काय काय लिहिलं ते वाचून वकीलबाई हसल्या. पत्रिकांचे गठ्ठेही लिहिले होते, एक वापरलेला, एक कोरा. भिंगही लिहिलं होतं. त्यांनी भिंग खोडलं. हत्यार आहे काका ते, कामाचं, राहू दे तुमच्याकडे, असं म्हणाल्या.

ठाण्याच्या कोर्टात तारखा पडत गेल्या. एका तारखेला न्यायाधीशांनी मला समोर बोलावलं. वयस्कर गृहस्थ होते, आवाज शांत. त्यांनी घर कधी विकलं, पैसे कुठे गेले ते विचारलं. मी सांगत गेलो, पावत्या दाखवत गेलो. मग त्यांनी कागदांवरून नजर वर केली आणि विचारलं, "कामगारांचं काही देणं आहे का?"

"नाही साहेब. एकाही कामगाराचं नाही."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. पण ते उत्तर देताना माझा आवाज जसा निघाला, तसा तो छापखाना तेजीत असतानाही कधी निघाला नव्हता. मागच्या बाकावर बायको बसली होती. तिलाही ते जाणवलं असं ती बाहेर आल्यावर म्हणाली.

पुढे आदेश झाला. कायद्याने मी नादार ठरलो. संध्याकाळी नाशिकला फोन करून मुलीला सगळं सांगितलं, या वेळी पूर्ण. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं की बाबा, आधी का नाही सांगितलंत.

आता मी कल्याणला एका डिजिटल छपाईवाल्याकडे नोकरी करतो, मुद्रितं तपासायची. मुलाखतीत मालकाने स्वतःचा छापखाना का बंद केला ते विचारलं, तेव्हा मी नादारीचा आदेश काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि सोमवारपासून यायला सांगितलं. जाता जाता मी त्याच्या टेबलावरच्या एका बॅनरच्या मजकुरातला दीर्घ ऊकार दाखवला. तिथे ऱ्हस्व हवा होता. त्याने तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतला.