सुटली की विसरलो

आमच्या घरात सिगरेट आधी दादाची सुटली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यावर तो सांगलीहून इकडे म्हैसूरला आमच्याकडे राहायला आला. तेव्हा तो बहात्तरचा, मी सहासष्टचा. सकाळी दोघं चामराजपुरमच्या कोपऱ्यावर जायचो, एक कॉफी बाय-टू, म्हणजे अर्धी-अर्धी करून घ्यायचो आणि एकेक सिगरेट ओढायचो. एके दिवशी दादाने कॉफी संपवली आणि सरळ घराकडे चालू लागला. दुसऱ्या दिवशीही तेच. दुकानदाराने "बेडवा सार?" म्हणत, नको का असं विचारत पाकीट पुढे केलं, तर याने नुसतं हसून मान हलवली.

आठ दिवसांनी बायकोने शिरा केला. मला ऐकवलं, थोरल्यांनी पन्नास वर्षांचं व्यसन टाकलं, तुम्ही बसा धूर काढत. मी चिडलो, आणि खरं सांगायचं तर जळलोही. जन्मभर तोंड धुवायच्या आधी काडी पेटवणाऱ्या माणसाला हे जमलं कसं? ते मला त्याच्याकडून काढून घ्यायचं होतं.

गच्चीवर गाठून विचारलंच. पाकीट पुढे धरलं. त्याने एक सिगरेट काढली, बोटांत उलटसुलट फिरवली आणि म्हणाला, "हे मी ओढायचो?"

थट्टा करतोय असं वाटलं. पण परक्याच्या घरी पाहुणा बसतो, तसा तो अदबीने माझ्या उत्तराची वाट बघत होता.

पुढे तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं. मग माझ्या खिशाकडे बघून म्हणाल्या, धूर फुप्फुसापुरता राहत नाही, मेंदूच्या रक्तवाहिन्याही खराब करतो. या वयात सोडलीत तरी डोक्याला फायदाच आहे. हेच बायको वर्षानुवर्षं सांगत होती, पण सोनारानेच कान टोचावे लागतात. संध्याकाळी पाकीट नळाखाली धरलं. निश्चय वगैरे काही नव्हता, मी भ्यालो होतो.

तलफ मात्र जाईना. कॉफीचा वास आला की हात आपोआप खिशाकडे जायचा, मग दिवसभर मी सगळ्यांवर खेकसायचो. पण हळूहळू त्या तलफेचाच मला आधार वाटू लागला. ती आली म्हणजे डोकं जागेवर आहे. दादाला कुठे तलफ येत होती?

गेल्या शुक्रवारी कॉफी पिऊन घरी आलो, चपला काढल्या आणि लक्षात आलं, आज तलफ आलीच नाही. काल आली होती का? आठवेना. दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. मी मात्र खुर्चीत बसून सिगरेटचं नाव आठवलं, मेटगळ्ळीच्या कारखान्यातले माझे साहेब एकेक करून आठवले, मुलीच्या लग्नाची तारीख आठवली. सगळं बरोबर आलं, तरी खात्री पटेना.

बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिच्यासमोर जाऊन बसलो आणि विचारलं, "खरं सांग, माझी सिगरेट सुटली, की मीही विसरलो?"

ती मान वर न करता म्हणाली, "सुटली हो. मंगळवारीही हेच विचारलंत, तेव्हाही हेच सांगितलं ना?"

मी हो म्हणालो. मंगळवारचं मला काहीच आठवत नव्हतं.