हौदातली कवडी

आमच्या जवळा बाजार गावातल्या जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखणारा एक माणूस आहे. तो कापसाचा पुंजका ओढतो, कानाजवळ नेऊन तोडतो आणि म्हणतो, "माल बराबर हाय, पण..." गावोगाव फिरून कापूस गोळा करणाऱ्या मला या 'पण'नं फार छळलं आहे. गेल्या आठवड्यात भर आवारात त्यानं माझी गाठोडी कवडी, म्हणजे कच्चा, किडका माल म्हणून बाजूला टाकली. मी तोंडाला येईल ते बोललो. तो नुसता हसला.

परवा त्याच आवारात ट्रॅक्टरचं डिझेल बैलांच्या पाण्याच्या हौदात सांडलं. तहानलेले बैल दावी ओढू लागले. हा पारखणारा धावत आला.

"ती कवडी आणा! समुद्रात सांडलेलं तेल असंच उचलतात. कवडी तेल पिती, पाणी न्हाई."

"समुद्र पाहिला का तुमी?"

"न्हाई. कवडी पाहिली की जल्मभर!"

मी गाठोड्यावर ठाण मांडलं. "आधी माल कसा हाय ते सांगा."

"अहो शेठ, बैल मरतील!"

बैलांकडे पाहून मीच गाठोडं फोडलं. आम्ही दोघं कोपरापर्यंत काळे झालो. कवडी तरंगत तेल पीत होती; मला तर नाचावंसं वाटत होतं. अखेर त्यानं पाणी हुंगलं, ओंजळभर आधी स्वतः प्यायला आणि मगच बैल सोडले.

"माल बराबर हाय," तो म्हणाला.

मी 'पण'ची वाट पाहिली. 'पण' आलाच नाही. मी अशी आरोळी ठोकली की बैलांनी पिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.